लेझर कधी सुरू करावं? कोल्हापूरच्या उन्हापावसाचा हिशेब

गेल्या डिसेंबरात माझी भाची घरी आली, सोफ्यावर बसली आणि लेगिंग गुडघ्यापर्यंत वर ओढून म्हणाली, "मावशी, बघ की गं हे काय झालंय." नडगीवर टपाल तिकिटाएवढे सहा तपकिरी चौकोन होते, एकाखाली एक, पट्टीनं आखल्यासारखे. हात लावला तर दुखत नव्हते, पण कडा इतक्या सरळ होत्या की ते आपोआप उठलेले डाग नाहीत हे लगेच कळत होतं. केस काढायच्या लेझर मशीनचं तोंड जिथं जिथं टेकलं, तिथं तिथं त्याचा ठसा राहिला होता.

दिवाळीनंतर ती मैत्रिणींबरोबर चार दिवस तारकर्लीला जाऊन आली होती. परत आल्यावर आठव्या दिवशी लेझरची पहिली सिटिंग. "थंडीतच करायचं असतं ना? सगळीकडे तसंच लिहिलंय," हा तिचा प्रश्न होता. सिटिंगच्या आधी उन्हात होतीस का, हे तिला तिथं कुणी विचारलं नव्हतं.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्वचेची डॉक्टर नाही. कुणाला काय उपचार द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण लेझर म्हणजे प्रकाश आणि ऊन म्हणजेही प्रकाश, आणि या दोघांची गाठ आपल्या कातडीत कशी पडते हे समजायला बारावीचं फिजिक्स पुरतं. ते समजलं की 'थंडीतच करा' हा सल्ला कोल्हापुरात जसाच्या तसा का चालत नाही, तेही लक्षात येतं.

काळी सीट आणि पांढरं कव्हर

मे महिन्यात महाद्वार रोडला अर्धा तास गाडी उन्हात लावा. काळ्या सीटवर बसवत नाही, पण शेजारच्या गाडीच्या सीटवर पांढरं कव्हर असेल तर तिथं बसता येतं. ऊन दोघींवर सारखंच पडलेलं असतं. काळा रंग प्रकाश जास्त शोषतो आणि त्याची उष्णता करतो, एवढाच फरक.

केस काढायचं लेझर याच फरकावर चालतं. केसांना आणि कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. लेझरचा झोत कातडीतून आत जातो, केसातल्या मेलॅनिनला सापडतो, केस मुळापर्यंत तापतो आणि त्या उष्णतेनं केस उगवणाऱ्या पेशी भाजतात. नेमकी तरंगलांबी आणि नेमका वेळ निवडला तर आजूबाजूला धक्का न लावता हवा तोच भाग तापवता येतो, हे तत्त्व अमेरिकेत रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडलं. पुढच्या सगळ्या यंत्रांचा पाया तोच.

म्हणून पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. तिथं प्रकाश पकडायला काळं काही नसतंच. गालावरची बारीक भुरी लवही नीट दाद देत नाही.

अडचण अशी की मेलॅनिन केसात असतं तसं कातडीच्या वरच्या थरातही असतं. युरोपातल्या गोऱ्या बाईच्या पायावर काळा केस म्हणजे पांढऱ्या कव्हरवर काळी दोरी. आपल्याकडे कव्हरच गव्हाळ किंवा सावळं, त्यामुळं झोताचा काही हिस्सा केसापर्यंत पोचायच्या आधी वाटेतच अडतो आणि तिथं कातडी तापवतो.

त्यावर उपाय आहेत. लांब तरंगलांबीचा प्रकाश वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो. अलेक्झांड्राइट लेझर 755 नॅनोमीटरचं, डायोड साधारण 810 चं, एनडी-याग 1064 चं. सावळ्या आणि काळ्या कातडीला यांत एनडी-याग सगळ्यात सुरक्षित मानतात. डायोडही आपल्याकडे भरपूर वापरतात, ऊर्जा जपून ठेवून. दुसरा उपाय वेळेचा. बशीत ओतलेला चहा भराभर निवतो, पातेल्यातला कढत राहतो. कातडीचा वरचा थर पातळ, बशीसारखा, आणि केसाचं मूळ त्यामानानं जाड. झोत एका फटक्यात न देता सेकंदाच्या काही शतांश भागांवर पसरला, तर कातडी तेवढ्यात उष्णता सोडून देते आणि केस तापलेलाच राहतो. शिवाय मशीनचं तोंड गार ठेवलेलं असतं किंवा गार हवा सोडतात.

हे सगळं नीट जमवायचं तर समोरच्या कातडीत आज किती मेलॅनिन आहे हे माहीत असावं लागतं. माझ्या भाचीच्या बाबतीत चूक झाली ती इथंच.

खोडवा का येतो

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे. ऊस तोडला तरी जमिनीतल्या खोडकीला डोळे राहतात, त्यांतून पुन्हा फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो. दाढी किंवा शेव्हिंग म्हणजे ऊसतोड. वॅक्सिंग आणि थ्रेडिंग म्हणजे झाड उपटणं, पण उगवणारा डोळा बहुतेक वेळा आत शाबूत राहतो. लेझर त्या डोळ्यापर्यंत उष्णता पोचवतं, आणि ही उष्णता आत न्यायला वाट लागते. ती वाट म्हणजे केस स्वतः.

म्हणून सिटिंगच्या आधीचे तीन-चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा, एपिलेटर सगळं बंद ठेवायला सांगतात. केस मुळातून ओढून काढला की लेझरला धरायला काही उरत नाही, पैसे फुकट जातात. शेव्हिंग मात्र चालतं, उलट आदल्या दिवशी करायलाच सांगतात, कारण वर राहिलेला केस तापून कातडी भाजू शकते. "शेव्हिंग केलं की केस राठ येतात" ही भीती मनातून काढून टाका. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला टोचतं, केस जाड होत नाही.

एकाच फेरीत का होत नाही

शाळेत लस टोचायला नर्सबाई येतात तेव्हा त्या दिवशी जी मुलं हजर असतील त्यांनाच टोचतात. गैरहजर मुलांसाठी पुन्हा फेरी करावी लागते.

केसांचंही तसंच आहे. प्रत्येक केस आधी वाढतो, मग थांबतो, मग झडतो, आणि काही काळानं तिथूनच नवा येतो. लेझरचा खरा परिणाम होतो तो वाढत्या केसावर, कारण तोच मुळाशी घट्ट जोडलेला असतो. डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस एका वेळी वाढत असतात. पायांवर मात्र साधारण पाचातला एक, काखेत थोडे जास्त. बाकीचे त्या दिवशी गैरहजर!

म्हणून सहा-आठ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी, हातापायांसाठी सहा ते आठ आठवड्यांनी. घाई करून पंधरा दिवसांनी पुन्हा गेलं तर नव्यानं हजर झालेले केस फारसे सापडत नाहीत. उलट एखादी सिटिंग आजारपणामुळं महिनाभर पुढं गेली तर आधीचं वाया जात नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आणखी एक स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए या उपचाराला केसांत 'कायमस्वरूपी घट' म्हणायची परवानगी देते, 'कायमचे नाहीसे' म्हणायची नाही. केस बरेच कमी होतात, विरळ आणि बारीक येतात, वर्षा-दोन वर्षांतून एखादी सिटिंग लागू शकते. एका सिटिंगमध्ये सगळं साफ होईल असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं.

रापलेली कातडी लपून राहते

उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशींना वाचवायला कातडी जादा मेलॅनिन तयार करते. यालाच आपण रापणं म्हणतो. म्हणजे जे द्रव्य लेझरनं केसात शोधायचं, तेच आपण उन्हात जाऊन कातडीत वाढवून ठेवतो. झोत वाटेतच अडतो, कातडी तापते, फोड येतो किंवा चट्टा उठतो. आपल्यासारख्या कातडीला भाजलं किंवा खरचटलं तरी मागं काळा डाग राहतो, आणि तो उतरायला महिने लागतात. फायदाही कमी होतो, कारण केसापर्यंत उष्णता कमी पोचते.

रापणं लगेच दिसत नाही, खरी फसगत ही आहे. उन्हात गेल्यावर त्या दिवशी कातडी लाल होते किंवा जरा काळवंडते. नवं मेलॅनिन तयार होऊन वर यायला तीन-चार दिवस लागतात, आणि रंग उतरायला कातडीचा वरचा थर बदलावा लागतो, त्याला साधारण चार आठवडे. म्हणजे भाची आठव्या दिवशी गेली तेव्हा रापणं ऐन भरात होतं. तारकर्लीला चारही दिवस ती पाण्यात होती आणि पाण्यात ऊन लागत नाही असं तिला वाटलं. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरसुद्धा अतिनील किरणांचा सुमारे 40 टक्के जोर शिल्लक असतो. कोरडी वाळू वरून आणखी 15 टक्के परत आपल्यावर फेकते.

घरच्या घरी करायची एक तपासणी सांगते. दंडाची आतली बाजू कधी ऊन बघत नाही. तो रंग आणि जिथं लेझर करायचं तिथला रंग खिडकीशी उजेडात शेजारी धरून बघा. फरक ठळक असेल तर सिटिंग पुढं ढकला. "मी मुळातच सावळी, मला रापण्यानं काय फरक पडतो?" असं बऱ्याच जणी विचारतात. जास्तच फरक पडतो. डॉक्टर तुमचा मूळ सावळेपणा धरून ऊर्जा ठरवतात, त्यावर चढलेला थर हिशेबाबाहेरचा असतो.

'थंडीत करा' हा सल्ला कुणाचा?

हा सल्ला युरोप-अमेरिकेतून आला, आणि तिथं तो बरोबर आहे. खात्री करायला फक्त स्वतःची सावली मोजा.

21 डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईची सावली तिथं जवळजवळ सहा मीटर पडेल. त्यात आभाळ, आणि अंगावर कोट. कातडी रापायचा प्रश्नच येत नाही. त्याच दिवशी कोल्हापुरात साडेबाराला सूर्य 50 अंशांवर असतो आणि त्याच बाईची सावली भरते सुमारे 134 सेंटिमीटर, तिच्या उंचीपेक्षा कमी. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण जोरात असतात, हा जगभर वापरला जाणारा साधा नियम आहे. म्हणजे ज्याला आपण ऐन थंडी म्हणतो, तेव्हाही आपली दुपार त्या नियमानं कडक उन्हातच मोडते. लंडनमध्ये सूर्य एवढा वर यायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडतो.

आणि आपल्या थंडीत आभाळ कसं असतं? निरभ्र. सकाळी रंकाळ्यावर स्वेटर घालून फिरायचं आणि दुपारी 'कोवळं ऊन' म्हणून गच्चीवर बसायचं. हवेचा गारवा आणि किरणांचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंग भाजत नाही म्हणून आपण उन्हात जास्त वेळ काढतो, आणि सहली, गॅदरिंग, शेतातली हुरडा पार्टी याच दिवसांत असतात. थंडी वाईट नाही, मे महिन्यापेक्षा ती नक्कीच बरी. पण थंडी आहे म्हणून बिनघोर राहता येतं, हे आपल्याकडे खोटं आहे.

मग पावसाळा?

माझं मत असं की सुरुवात जूनमध्ये, पाऊस लागला की करावी. दाट ढग दिवसेंदिवस हटत नाहीत, रेनकोटनं अंग झाकलेलं असतं, रस्त्यावर रमतगमत कुणी फिरत नाही. उन्हाळ्यात चढलेली राप उतरायला मात्र वेळ द्या. मे महिना शेतात, लग्नांत किंवा आंबोली-गोव्यात गेला असेल तर जूनची अखेर धरा.

हिशेब करून बघू. पायांसाठी सात आठवड्यांचं अंतर धरलं आणि पहिली सिटिंग 15 जूनला घेतली, तर पुढच्या येतात 3 ऑगस्ट, 21 सप्टेंबर, 9 नोव्हेंबर, 28 डिसेंबर आणि 15 फेब्रुवारी. रंगपंचमी आणि जोतिबाची चैत्र यात्रा, म्हणजे ऊन अंगावर घ्यायचे दिवस, यायच्या आत सहा सिटिंग पूर्ण. तीच सुरुवात दिवाळीनंतर केली तर चौथी-पाचवी सिटिंग थेट एप्रिल-मेमध्ये जाते. थंडीत सुरू करणाऱ्यांचा घोटाळा असा शेवटाकडे होतो.

पावसाळ्याचे दोन धोके मात्र आहेत.

एक, श्रावणातलं ऊन. कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ऊनपावसाचा खेळ चालू असताना ढगांच्या फटीतून जे ऊन पडतं, ते मे महिन्याच्याच उंचीवरून आलेलं असतं. पावसानं धुतलेल्या हवेत ते छान वाटतं, आणि तिथंच गाफील राहायला होतं. पातळ ढगातून बहुतेक अतिनील किरण आरपार येतात. काळंकुट्ट आभाळ आणि पांढुरकं आभाळ यांत हा फरक करायला शिका.

दुसरा धोका ओलीचा. न वाळलेले कपडे, घामेजलेली काख, मांड्यांतला नायटा, केसतोड. जिथं लेझर करायचं तिथं असं काही असेल तर आधी ते बरं करा. लपवून सिटिंगला जाऊ नका. सिटिंगनंतर दोन दिवस गरम पाण्याची अंघोळ, व्यायाम, पोहणं, घट्ट कपडे टाळायला सांगतात, तेव्हा सुती सैल कपडे धडपडीनं का होईना कोरडे करून ठेवा.

सनस्क्रीन लावते की मी!

लावताच रहा, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन अतिनील-बी, म्हणजे कातडी भाजणाऱ्या, किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, ते प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर दिल्यावर. आपण वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या तोंडाला फासतो. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कापड यापेक्षा भरवशाचं. आपल्या पोरी स्कूटरवर सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून जातात, लेझरसाठी याहून चांगली सवय नाही. भाचीचाही सगळा जामानिमा असायचा. उघडी राहायची ती नडगी आणि पाऊल, लेगिंगच्या खाली आणि चपलेच्या वर. कळंब्याहून विद्यापीठात रोज जाऊन-येऊन तेवढीच पट्टी रापलेली. तिनं ती कधी मोजलीच नव्हती.

सगळ्या अंगाला ऋतू सारखा लागू नाही

"आमच्याकडं बाराही महिने करतो" असं सांगणारे खोटं बोलतात असं नाही. काख, जांघ, पाठ हे भाग एरवी झाकलेलेच असतात, त्यांना मे महिनाही चालेल. घामाचा त्रास तेवढा होईल. ऋतूचं बंधन खरं ते चेहरा, मान, हात आणि पाय यांना.

लग्न ठरलेल्यांनी उलटं मोजावं. मेमधलं लग्न असेल तर आदल्या जून-जुलैत पहिली सिटिंग. शेवटची सिटिंग आणि हळद-मेंदी यांत निदान दोन-तीन आठवडे सोडा, आणि मेंदीचा रंग असलेल्या जागी लेझर करू देऊ नका, तो रंगही प्रकाश शोषतो. लग्नाला दोन महिने राहिलेत आणि सुरुवात करायची आहे? तर करू नका, वॅक्सिंगवर भागवा. डाग पडला तर उतरायला वेळच उरत नाही.

मशीनचं तोंड टेकवण्याआधी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. कुठलं लेझर, किती नॅनोमीटरचं? माझ्या रंगासाठी ऊर्जा कोण ठरवणार, त्वचारोगतज्ज्ञ की दुसरं कुणी? आधी छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही दिवस थांबणार का? डोळ्यांना चष्मा देणार का? तुम्हीही सांगायच्या गोष्टी आहेत: मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू आहेत का, चेहऱ्यावर वांग आहे का, दिवस गेलेत का, आणि गेल्या महिन्यात ऊन किती घेतलं. हा शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला नाही तर तुम्ही स्वतः काढा.

हनुवटीवरचे केस

याबद्दल मुली फार दबक्या आवाजात बोलतात, म्हणून वेगळं लिहिते. हनुवटी, जबडा, ओठावर जाड काळे केस येत असतील, पाळी अनियमित असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पीसीओएसमध्ये, म्हणजे अंडाशयाशी निगडित हॉर्मोन्सच्या बिघाडात, हॉर्मोन्समुळं नवे केस उगवत राहतात. आत पाणी सोडलेलंच असेल तर कितीही तण काढा, रान हिरवंच होत जातं. औषधं आणि लेझर जोडीनं चालतात तेव्हा फरक टिकतो. या भागात, विशेषतः आपल्यासारख्या वर्णाच्या बायकांत, लेझरनंतर आजूबाजूची लव उलट जाड व्हायचा प्रकार काही जणींत दिसतो. दोन-तीन सिटिंगनंतर केस वाढल्यासारखे वाटले तर पॅकेजचे पैसे भरलेत म्हणून पुढं रेटू नका, डॉक्टरांना दाखवा.

डाग पडलाच तर

फोड किंवा जळजळ असेल तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. तपकिरी चट्टा राहिला असेल तर लिंबू, टूथपेस्ट, मेडिकलमधून आणलेलं गोरं करायचं स्टिरॉइडवालं क्रीम यातलं काही चोळू नका. कातडी पुन्हा भाजली की डाग आणखी गडद होतो. डॉक्टरांनी दिलेलं मलम, वरून कापड आणि सनस्क्रीन, बाकी थांबणं.

भाचीचे सहा चौकोन जानेवारीत होते तसेच होते. फेब्रुवारीच्या शेवटी कडा पुसट झाल्या, एप्रिलमध्ये उजेडात तिरकं धरून बघितल्याशिवाय दिसेनात. पुन्हा सुरुवात करायला ती जूनच्या अखेरीला गेली, दुसऱ्या डॉक्टरांकडं. त्यांनी आधी तिला बाही वर करायला सांगितली, दंडाची आतली बाजू बघितली, मग खाली वाकून नडगी बघितली, आणि म्हणाले, "अजून पंधरा दिवस थांबूया." ती रेनकोट घालून तशीच परत आली.